बरणीचे झाकण

मराठीच्या प्राध्यापकाने फावल्या वेळात काय करावे, याबद्दल आपल्या समाजाच्या काही ठरलेल्या कल्पना आहेत. त्याने कविता कराव्यात, ते न जमल्यास निदान दुसऱ्याच्या कवितासंग्रहाला प्रस्तावना लिहावी. मी मात्र गेली सहा वर्षे गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मडकी करतो. अधिक प्रामाणिकपणे सांगायचे तर मडकी मोडतो.

याचे मूळ एका बरणीत आहे. आईच्या लग्नातली, वर तपकिरी आणि खाली पांढरट अशी चिनी मातीची ती बरणी माझ्या हातून फुटली. आई काहीच बोलली नाही. खाली बसून तुकडे वेचत राहिली. ती चार शब्द बोलली असती, तर मी बाजारातून दुसरी आणून मोकळा झालो असतो. पण ते न बोलणे मला सहन होईना, आणि "मीच तुला करून देतो" असे तोंडातून निघून गेले.

कुंभारआळीतल्या एका वृद्ध कारागिराकडे मी दर रविवारी जाऊ लागलो. चाकावर मातीचा गोळा मधोमध बसवायलाच मला पाच महिने लागले. म्हातारबुवा म्हणत, "सर, हात ठेवा मातीवर. डोळे कशाला वटारता तिच्यावर?" माझी पहिली बरणी त्यांच्या आव्यात भाजून निघाली, तेव्हा त्यांनी ती बोटाने वाजवून पाहिली आणि हसले. "यात पाणी गार होईल सर. लोणचं नाही टिकायचं."

माझा हट्ट! मी तिच्यात मिठाचे पाणी भरून ठेवले. आठ दिवसांत बरणीच्या बाहेरच्या अंगावर मिठाची पांढरी बुरशी फुटल्यासारखी दिसू लागली. आपल्या लाल मातीला भाजल्यावरही बारीक छिद्रे राहतात. म्हणून तर माठातले पाणी गार होते. लोणच्याला हवी ती बाराशे अंशांच्या वर तापून दगडासारखी घट्ट होणारी माती. लाल माती तेवढ्या आचेत बसकण मारते.

मग पतपेढीचे कर्ज काढून विजेची भट्टी घेतली. या प्रसंगी घरात जे संभाषण झाले, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

दुसरी बरणी मात्र खरोखर सुरेख उतरली होती. मातीत जे गारेचे कण असतात, ते पाचशे त्र्याहत्तर अंशांच्या सुमारास एकदम फुगतात आणि निवताना तिथेच पुन्हा आकसतात; म्हणून भट्टी चढवायची सावकाश आणि निववायची त्याहून सावकाश. हे सारे मला तोंडपाठ होते. परीक्षेत विचारले असते तर पैकीच्या पैकी मिळाले असते! तरी काटा अडीचशेवर असताना मी दार किलकिले केले. आत बरणी दिसली, झिलईने नुसती लखलखत होती. आणि मग एक बारीकसा 'टिंग' असा आवाज झाला. गळ्यापासून बुडापर्यंत एक केस उतरला होता. मी दार पुन्हा लावून घेतले, जणू काही ते मी पाहिलेच नव्हते.

तिसरीचे झाकण बरणीलाच चिकटून बसले. झिलई म्हणजे वितळलेली काच. झाकण जिथे टेकते तिथली ती पुसून घ्यायला मी विसरलो होतो. त्यानंतर वर्षभर मी त्या खोलीचे कुलूप काढले नाही.

त्या वर्षात मी बर्नार पालिसी या सोळाव्या शतकातल्या फ्रेंच माणसाबद्दल वाचले. मूळचा हा काचेवर चित्रे काढणारा. पांढऱ्या झिलईच्या नादात याने कित्येक वर्षे घालवली, आणि सरपण संपले तेव्हा घरातली मेजे आणि जमिनीच्या फळ्याही भट्टीत घातल्या. हे त्याने १५८० सालच्या आपल्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवले आहे. लोक त्याच्या चिकाटीची वाखाणणी करतात. मला त्याच्या बायकोची आठवण येते. तिने पुस्तक लिहिलेले नाही.

वर्गात तेर गावच्या गोरोबाकाकांची कथा मी दरवर्षी सांगतो. संतांच्या डोक्यावर थापटणे मारून त्यांनी नामदेवांना कच्चे ठरवले, ती. यंदा सांगता सांगता मी थांबलो. कच्च्या, पक्क्या आणि तडकलेल्या मडक्याचा आवाज निरनिराळा असतो, हे मला आता कानाने ठाऊक होते. मुलांना वाटले, सर पुढचे विसरले.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. आषाढात एकदा तिने सहज विचारले, "तुझ्या त्या भट्टीचे हप्ते फिटले का रे?" मी वर गेलो आणि कुलूप काढले.

चौथ्या वेळी भट्टी लावल्यावर मी दोन दिवस घरात थांबलोच नाही. बहिणीकडे जाऊन राहिलो. बरणी निघाली ती अखंड. पण झाकण! बरणी आणि ते एकाच दिवशी, एकाच मातीचे करायला हवे होते. मी ते पंधरा दिवसांनी, निराळ्या गोळ्यातून केले. दोन्हींचे आकसणे वेगळे झाले आणि झाकण आत पडू लागले.

आईने बरणीत पाणी भरून रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी कागद हाताने चाचपून पाहिला. कोरडा होता. मी झाकणाबद्दल काहीतरी पुटपुटू लागलो.

"झाकण कशाला लागतंय?" ती म्हणाली. "आपण दादरा बांधतो की नेहमी. बाजारात जाशील तेव्हा दोन डझन लिंबं आण. पातळ सालीची बघ."