‘पळाला’ म्हणून नोंद

जब्बार पटेलांच्या ‘सामना’मध्ये (१९७४) डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर साखर कारखान्याच्या गावात नाहीशा झालेल्या मारुती कांबळेची चौकशी करत राहतो. ते गाव कृष्णाकाठच्या माणसाला अनोळखी वाटू नये असं. मास्तरकडे ना वर्दी, ना वॉरंट. विजय तेंडुलकरांनी सगळा थरार नुसत्या विचारण्यावर उभा केला. पण माणूस पोलिसांच्याच ताब्यातून नाहीसा झाला, तर विचारायचं कुणी?

नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत हा प्रश्न रस्त्यावर आला. लुटीच्या संशयावरून शहर पोलिस ठाण्यात दोन तरुण आणले गेले. दोघंही पळाले, असं सांगण्यात आलं. घरच्यांना ते पटेना. थोड्याच दिवसांत आरोप पुढे आला तो असा: एक तरुण कोठडीत मारहाणीत मेला आणि त्याचं प्रेत आंबोली घाटात नेऊन जाळलं. एका उपनिरीक्षकासह ठाण्यातल्याच पोलिसांना अटक झाली, सांगली बंद पाळला गेला, तपास सीआयडीकडे गेला.

‘पळाला’च का? आरोपी पळाला तर बहुधा निष्काळजीपणाची खातेनिहाय चौकशी होते, एखाद-दुसरा निलंबित होतो. मेला म्हटलं की मात्र एक साखळी सुरू होते आणि तिची बरीचशी टोकं ठाण्याबाहेरच्या हातांत असतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या १९९३ च्या आदेशानुसार कोठडीतला मृत्यू २४ तासांत आयोगाला कळवावा लागतो. शवविच्छेदनाचं चित्रीकरण करावं लागतं. शिवाय न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वतंत्र चौकशी. त्यासाठीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १७६(१अ) हे कलम २००६ मध्ये लागू झालं. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९६ तेच काम करतं. गंमत म्हणजे ही चौकशी मृत्यूपुरती नाही. ताब्यातला माणूस बेपत्ता झाला तरी ती लागते. कायदा करणाऱ्यांना अशा युक्त्या ठाऊक असाव्यात.

प्रेताची विल्हेवाट लावली तरी काम संपत नाही. कागद जुळवावे लागतात: स्टेशन डायरीतली वेळ, लॉकअपचं रजिस्टर, पहाऱ्यावर कोण होतं, पळाल्याचा गुन्हा किती वाजता दाखल झाला, सरकारी गाडी कुठे गेली. प्रत्येक नोंदीखाली कुणाची तरी सही लागते, आणि कटात नसलेल्यालाही ती करायला लावावी लागते. डी. के. बसू खटल्याच्या १९९६ च्या निकालाने यात भर घातली: अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. घटनेच्या २२ व्या कलमानुसार २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं तर आहेच. तपास करणारा या सगळ्या वेळा शेजारी शेजारी मांडतो. खोटी वेळ एका रजिस्टरात बसते, पाचांत बसवणं अवघड. त्यावर मोबाइलचं लोकेशन कुणाला खोडता येत नाही, आणि जळालेल्या अवशेषांतूनही बऱ्याचदा डीएनए मिळतो.

सीसीटीव्हीवर मी एवढा विसंबणार नाही. लॉकअपसह प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा आणि चित्रीकरण १८ महिने जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. पण कॅमेऱ्याची रोजची देखभाल त्याच ठाण्याच्या प्रमुखाकडे असते.

खरी अडचण न्यायालयात येते. कोठडीत जखमा झाल्या तर त्या पोलिसांनीच केल्या असं न्यायालयाला गृहीत धरता यावं, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ मध्ये ११३ व्या अहवालात केली होती. ते कलम अजून कायद्यात आलेलं नाही. म्हणून आजही सरकारी वकिलाला साक्षीदार शोधावे लागतात ते बहुतेक आरोपींच्याच सहकाऱ्यांत, नाहीतर त्या रात्री त्याच ठाण्यात असलेल्या दुसऱ्या आरोपीत. सांगलीत दोघांना एकत्र पकडलं होतं, त्यामुळे निदान जिवंत राहिलेला तरुण तरी साक्ष देऊ शकत होता. एकट्याने पकडल्या गेलेल्याच्या बाबतीत ती सोयही नसते.