पाप आणि अकुशल : धम्मातील अर्थ

आपल्या नित्याच्या बोलण्यात ‘पाप’ हा शब्द एखाद्या वस्तूसारखा वापरला जातो. ते ‘लागते’, ‘फेडावे’ लागते, तीर्थात ‘धुऊन’ निघते. घरात दारिद्र्य आले किंवा मूल दगावले की शेजारीपाजारी ‘मागल्या जन्मीचे पाप’ म्हणून मोकळे होतात. ‘त्याच्या मनात पाप आले’ हा प्रयोग मात्र निराळा आहे, आणि धम्माच्या दृष्टीने तोच सर्वांत खरा आहे.

भगवान बुद्धांनी ‘पाप’ हा शब्द टाकून दिला नाही. धम्मपदाच्या २६ वर्गांपैकी नववा वर्ग ‘पापवग्ग’ याच नावाचा आहे आणि माराला त्रिपिटकात ‘पापिमा’ म्हटलेले आहे. परंतु शब्द तोच ठेवून तथागतांनी त्यातील आशय बदलला. अंगुत्तर निकायात ते सांगतात की, चेतना म्हणजेच कर्म. चेतना म्हणजे हेतू. चक्खुपाल थेर अंध होते. चंक्रमण करताना त्यांच्या पायाखाली किडे मेले, तेव्हा इतर भिक्खूंनी तक्रार केली. मारण्याचा हेतू नव्हता, म्हणून तथागतांनी त्यांना दोषी मानले नाही, अशी कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे.

‘पाप’ शब्दाच्या जोडीला तथागत ‘अकुशल’ हा शब्द वारंवार वापरतात. येथे विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो, कारण मजुरीच्या दरपत्रकात आपण ‘अकुशल कामगार’ वाचलेले असते. पालीतील अकुशलाचा मजुराच्या कसबाशी काही संबंध नाही. लोभ, दोस आणि मोह या तीन मुळांतून जे उगवते ते अकुशल. (पाली ‘दोस’ म्हणजे येथे द्वेष, मराठीतील ‘दोष’ नव्हे.) कालामांना तथागतांनी देवाची आज्ञा सांगितली नाही. लोभ माणसाच्या हिताचा की अहिताचा, एवढेच विचारले. उत्तर कालामांनीच दिले.

अकुशल कर्मे दहा सांगितली आहेत. प्राणिहिंसा, चोरी आणि कामवासनेचा मिथ्याचार ही तीन कायेची. खोटे बोलणे, चहाडी, कठोर बोलणे आणि व्यर्थ बडबड ही चार वाचेची. अभिज्झा म्हणजे परधनाचा लोभ, व्यापाद म्हणजे दुसऱ्याचे वाईट चिंतणे, आणि मिथ्यादृष्टी ही तीन मनाची. वाचेचा वाटा सर्वांत मोठा आहे, हे मंडळाच्या बैठकांना नियमित येणाऱ्या सभासदांना वेगळे सांगायला नको!

मग एखादे कर्म अकुशल आहे हे ओळखावे कसे? मज्झिम निकायात तथागत राहुलला विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहावे : याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होते काय? होत असेल तर करू नये, चालू असेल तर थांबवावे. कायेने वा वाचेने घडून गेले असेल तर जाणत्या धम्मबंधूंपुढे उघड करावे आणि पुढे संयम ठेवावा. यात कोठेही पुरोहित नाही, दक्षिणा नाही.

स्नानाने पाप जाते या समजुतीला सर्वांत चोख उत्तर एका दासीने दिले आहे. थेरीगाथेतील पुण्णिका ही पाणी भरणारी दासी होती. मालकिणीच्या माराच्या भीतीने ती थंडीतही नदीत उतरत असे. तेथे कुडकुडत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले, तुम्हाला कोणाची भीती? पाप धुण्यासाठी उतरलो, असे तो म्हणाला. त्यावर तिचे म्हणणे असे की, मग बेडूक, कासवे, पाणसाप आणि मगरी आधी स्वर्गात जातील. आणि पाणी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेईल! ब्राह्मणाला ते पटले आणि तो शरण गेला.

जे पाणी पाप धुते असे मानले, तेच पाणी माणसाच्या स्पर्शाने बाटते असेही याच देशात मानले गेले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी प्यायले, त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ केले. तळ्यावर ओंजळ भरणाऱ्यांच्या मनात लोभ, द्वेष, मोह यांपैकी काय होते? अकुशल शोधायचेच असेल तर ते शुद्धीच्या घागरी वाहणाऱ्यांकडे शोधावे लागते.

‘मागल्या जन्मीचे पाप’ या प्रयोगाचा समाचार बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात घेतला आहे. गरिबांच्या आणि दलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकावी, एवढाच या सिद्धांताचा उपयोग, असे त्यांचे मत आहे. आपल्याच वस्तीत आजारी मुलाच्या आईला कोणी हे शब्द ऐकवतो, तेव्हा तो दवाखान्याचा, पाण्याचा आणि मजुरीचा प्रश्नच पुसून टाकतो.

राहिला ‘पापी’ हा शब्द. अंगुलिमाल दरोडेखोर होता, माणसे मारीत असे. तथागतांनी त्याला कायमचा पापी ठरवले नाही, संघात घेतले. पुढे तो अर्हत झाला. भिक्षेला गेला असता लोकांनी फेकलेल्या दगडांनी त्याचे डोके फुटले आणि भिक्षापात्र मोडले. त्या स्थितीत तो परत आला, तेव्हा तथागतांनी त्याला सहन कर, असे सांगितले.