ताप, जुलाब आणि दातांवरचा आळ

सहा-सात महिन्यांच्या बाळाला ताप आला, जुलाब सुरू झाले, की घरातली मोठी माणसे म्हणतात, ‘दात येतायत, होतंच असं.’ हा समज बाळाला महागात पडू शकतो.

पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो. काहींना आधी, तर काहींना वर्ष होताना. अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे २० दात येतात. दात येताना लाळ गळते, हिरडी लाल होते, बाळ किरकिर करते, हाती लागेल ते चावते. अंग किंचित गरम लागू शकते. मात्र १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आणि जुलाब यांचे कारण दुसरीकडे शोधावे. याच वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते, वरचे अन्न सुरू होते आणि रांगणारे बाळ जमिनीवरची वस्तू तोंडात घालते. जंतुसंसर्ग होतो तो यातून. जुलाब झाल्यास अंगावरचे दूध चालू ठेवावे, ओआरएस द्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. बाळ मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा डोळे खोल गेले, तर तासभरही थांबू नये.

नुसत्या हिरड्या दुखत असतील, तर हात स्वच्छ धुऊन बोटाने हलके चोळावे. फ्रिजमध्ये गार केलेला स्वच्छ ओला रुमाल चावायला द्यावा. तो गोठवू नये. गाजर, खारीक देऊ नये. तुकडा घशात अडकू शकतो. वर्षाच्या आत मध चाटवू नये. हिरडी बधिर करणारी बेन्झोकेनयुक्त जेलही टाळावीत. त्यांच्यामुळे क्वचित रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी ती न वापरण्याचा इशारा दिला.

एवढे करूनही बाळ शांत होत नसेल, तर पॅरासिटामॉल चालते. पण मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी. घरात ड्रॉप्स आणि सिरप दोन्ही असतील, तर विशेष जपावे. एक मिलिलिटर ड्रॉप्समध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम औषध असते, तर पाच मिलिलिटर सिरपमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. सिरपच्या मापाने ड्रॉप्स दिले, तर दुप्पट ते चौपट औषध पोटात जाते. म्हणून दर वेळी बाटलीवरचा आकडा वाचूनच माप भरावे.