मोडीचे मोल

मुलांनो, गळकी बादली आपण मोडीत देतो. परंतु तिचे आयुष्य तेथे संपत नाही. छत्रपती संभाजीनगरचे भंगारवाले प्रथम धातूंची निवड करतात. लोहचुंबकाला चिकटते ते लोखंड; तांबूस ते तांबे, पिवळे ते पितळ, पांढुरके व हलके ते ॲल्युमिनियम. हे जुने ॲल्युमिनियम वितळवण्यास, खनिजापासून नवे करण्याच्या मानाने, सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते.

सुमारे ६० किलोमीटरवरील जालन्याच्या विजेच्या भट्ट्यांत मोडीचे लोखंड सुमारे १६०० अंश सेल्सिअसला वितळते व त्याच्या सळया होतात. त्यात तांबे मिसळले तर ते पुन्हा वेगळे काढता येत नाही आणि सळई घडवताना तिला भेगा पडू शकतात. म्हणूनच निवडणाऱ्या हातांचे मोल फार मोठे आहे. तुमच्या शाळेच्या छतातील सळईही कदाचित एके काळी कोणाची तरी बादली असेल!