जुन्या जलशातले शब्द बदलायचे, की तसेच गायचे?

जुना आंबेडकरी जलसा पुन्हा बसवायला घेतला की तालमीत पहिला वाद शब्दांवरून होतो. जुन्या वहीत ‘अस्पृश्य बंधूंनो’ अशी हाक असते. कुठे ‘हरिजन’ येतो, कुठे बाबासाहेबांना ‘देव’ म्हटलेले असते, कुठे भित्र्या माणसाला बांगड्या भरायला सांगितलेले असते. चाकणला कंपनीत पाळ्यांमध्ये राबणारा विशीतला कार्यकर्ता विचारतो, हे आज कसे गायचे? विहारातले ज्येष्ठ म्हणतात, शाहिराच्या शब्दाला हात लावायचा नाही. आम्हाला दोघांचेही म्हणणे अर्धेच पटते. त्याचे कारण जलशाच्या इतिहासातच आहे.

आज भीमगीत म्हटले की एक गायक, मागे कोरस आणि बेंजो-ढोलकी एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. जलसा त्याहून मोठा होता. गण, बतावणी, फार्स, सवाल-जवाब, वग आणि मध्ये मध्ये गाणी असे ते अख्खे संगीत नाटक असायचे. बायकांची कामे बहुधा पुरुषच करायचे. आणि या जलशाचा सांगाडा तमाशाचा होता. पुणे-नाशिक रस्त्याने चाकणच्या पुढे गेले की नारायणगाव लागते. तिथे आजही गावोगावच्या जत्रांसाठी तमाशाच्या सुपाऱ्या ठरतात. विठाबाई नारायणगावकर त्याच मातीतल्या. त्याच जुन्नर तालुक्यात ओतूरसारख्या गावांत महात्मा फुल्यांच्या हयातीतच सत्यशोधक चळवळ रुजली होती. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला मजकूर उलटा केला. गणातली देवस्तुती बदलली, गवळणीतल्या चेष्टेच्या जागी पुरोहिताची फजिती आली. म्हणजे जलशाचा जन्मच मुळी जुने शब्द बदलण्यातून झाला.

१९३०च्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी हेच काम बाबासाहेबांच्या चळवळीसाठी केले. पुढे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले. अण्णा भाऊंच्या वगांतही गणपतीच्या वंदनेची जागा माणसांच्या वंदनेने घेतली. तेव्हा ‘परंपरा आहे म्हणून बदलू नका’ हा युक्तिवाद जलशाला तरी लागू पडत नाही.

पण बदल बदलात फरक असतो. हे कळायला एक परदेशी उदाहरण घेऊ. अमेरिकेत १९२७ साली ‘शो बोट’ हे संगीत नाटक आले. त्यात मिसिसिपी नदीकाठी माल वाहणाऱ्या कृष्णवर्णीय हमालाचे एक गाणे आहे. गीते लिहिली होती ऑस्कर हॅमरस्टीन या गोऱ्या गीतकाराने. नाटकात कृष्णवर्णीयांसाठी वापरलेला अपमानास्पद शब्द पुढच्या पुनरुज्जीवनांत काढला गेला. तो बदल सोपा होता. खरा बदल केला पॉल रोब्सनने. हा कृष्णवर्णीय गायक त्या नाटकात आणि १९३६च्या चित्रपटात ते गाणे गायला होता. मूळ गाण्यातला माणूस थकलेला, मरणाला भ्यालेला आहे. तीसच्या दशकाच्या अखेरीपासून रोब्सन आपल्या मैफलींत शेवटचे शब्द बदलून गाऊ लागला आणि त्या माणसाला मरेपर्यंत लढणारा केला. हॅमरस्टीनला ते अजिबात रुचले नाही. रोब्सनने स्वतःची गाणी लिहावीत, माझी सोडून द्यावीत, असे त्याचे म्हणणे होते. भूपेन हजारिकांनी तिसरी वाट धरली. रोब्सनच्या त्या गाण्यावरून स्फूर्ती घेऊन त्यांनी आपल्या नदीला जाब विचारणारे नवेच गाणे लिहिले. (रोब्सन कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकला, हजारिकाही तिथलेच विद्यार्थी. बाबासाहेब तर दोघांच्याही आधी, १९१३ साली तिथे गेले होते.)

रोब्सनने बदल केला तो ज्याच्याविषयी गाणे होते त्या समाजाचा माणूस म्हणून, उघडपणे, आणि गाणे अधिक धारदार करण्यासाठी. आपल्याकडे होणारे बदल या कसोटीवर घासून पाहायला हवेत.

‘देव’ आणि ‘अवतार’ हे शब्द घेऊ. १९५६च्या आधीच्या गाण्यात ते आले तर तो त्या काळच्या माणसाचा भाव होता. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर मात्र बावीस प्रतिज्ञा आपल्यापुढे आहेत. चौथी आणि पाचवी प्रतिज्ञा अवताराची कल्पनाच नाकारतात. तरीही नंतरच्या कित्येक भीमगीतांत बाबासाहेबांचा देव केलेला आढळतो, आणि जयंतीला डीजेवर तीच गाणी सर्वांत मोठ्याने वाजतात. असा शब्द आजच्या मंचावर बदलायला आमची हरकत नाही. तो बदल बाबासाहेबांच्या शिकवणीला धरूनच आहे.

बायकांविषयीच्या शब्दांचेही तसेच. जुन्या फार्सांत दागिन्यांसाठी हटून बसलेली बायको हा हमखास हशाचा विषय असे. ‘बांगड्या भरा’ हा टोमणाही हमखास येई. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो असे सांगितले होते. तमाशातल्या बाईच्या वाट्याला काय येते हेही ते जाणून होते. पवळाबाईच्या साथीने गाजलेल्या पठ्ठे बापूरावांनी महाडच्या लढ्यासाठी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली देणगी त्यांनी नाकारली. शैलजा पाईक यांनी तमाशातील दलित स्त्रियांवर लिहिताना या प्रसंगाचा विचार केला आहे. त्यातली स्त्रियांची बाजू तालमीला बसलेल्या प्रत्येकाने वाचावी. आज मंचावर मुली स्वतः गातात, ढोलकी वाजवतात. त्यांच्या तोंडी बांगड्यांचा टोमणा घालणे हास्यास्पद आहे. तो खुशाल काढावा. सावकार म्हणून अमुक एका जातीधर्माच्याच माणसाचे सोंग आणून त्याच्या बोलीची नक्कल करणेही थांबवावे.

आता उलट बाजू. ‘जोहार’, ‘येसकर’, ‘तराळ’, ‘बलुतं’, भाकरी मागणे, मेलेली गुरे ओढणे, हे शब्द आजच्या मुलांना कळत नाहीत म्हणून काढून टाकावेत असे काहींना वाटते. काहींना त्यांची लाज वाटते. एका संहितेत ‘जोहार’च्या जागी सरसकट ‘जयभीम’ घातलेले आम्ही पाहिले. बदलणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण जोहार घालणाऱ्या माणसाने ताठ उभे राहून जयभीम म्हणणे, हाच तर जलशाने घडवलेला प्रवास आहे. सुरुवातीलाच जयभीम आला तर प्रवास उरतच नाही. महार वतने कायद्याने गेली ती १९५८च्या कायद्यामुळे. त्याआधीच्या गावगाड्यातली गुलामी त्याच शब्दांत ऐकू आली पाहिजे. शब्द कळत नसेल तर निवेदकाने दोन वाक्ये बोलावीत. जलशात निवेदनाला जागा असतेच.

‘हरिजन’ शब्दाचेही असेच आहे. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत हा शब्द कायद्यात घालण्याला विरोध करून बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांसह स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला होता. म्हणजे तो तेव्हाच नाकारलेला शब्द आहे. शाहीर स्वतःच्या तोंडाने तो आपल्या समाजासाठी वापरत असेल तर बदलावा. पण फार्समधला कनवाळूपणाचा आव आणणारा पुढारी तो वापरत असेल तर ठेवलाच पाहिजे, कारण तिथे तो शब्दच त्या पुढाऱ्याला उघडा पाडतो. काळाराम सत्याग्रहाच्या गाण्यांबाबतही काही तरुण विचारतात, आपण बौद्ध झालो, मग मंदिरप्रवेश कशाला गायचा? २ मार्च १९३० ही तारीख सांगावी आणि गावे. १९३५च्या येवल्याच्या घोषणेपर्यंत आपण कुठून चालत आलो ते त्याशिवाय समजत नाही.

शब्द बदलून भागणार नाही अशी नाटकेही असतात. सावरकरांचे ‘संगीत संन्यस्त खड्ग’ हे १९३१चे नाटक त्यातले. त्यातली नाट्यपदे संगीताच्या मैफलीत आजही गायली जातात. पण बुद्धांच्या अहिंसेमुळे शाक्य दुबळे झाले हा त्या नाटकाचा गाभाच आहे. चार ओळी सौम्य केल्या तर गाभा तोच राहील, फक्त झाकला जाईल. असे नाटक पुन्हा रंगमंचावर येते तेव्हा ते मूळ शब्दांतच यावे आणि आपण त्याला बुद्धवचनाने उत्तर द्यावे.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच बदलाची. कार्यक्रमाला प्रायोजक मिळाला की जुन्या गाण्यातली मनुस्मृतीवरची, सावकारावरची, मालकावरची ओळ एकाएकी ‘आजच्या काळाला साजेशी’ राहत नाही. आयोजक गोड बोलून सांगतात, वातावरण बिघडायला नको. ‘अस्पृश्य’ हा शब्द जुना झाला म्हणून काढायचा, आणि त्याच हाताने अस्पृश्यता कोणी लादली हेही काढून टाकायचे! याला काळानुरूप बदल म्हणत नाहीत. कोणताही बदल सुचवला गेला की तालमीत एकच प्रश्न विचारावा: यामुळे कोणाची अडचण कमी होते, प्रेक्षकांतल्या बाईची की पुढच्या रांगेत बसलेल्या पाहुण्याची?

बदल करायचा ठरला, तर कसा? आपल्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात शाहिराचे नाव येते. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात ‘वामन’ येतो. मधले शब्द गुपचूप बदलून खाली ‘वामन’ गायले, तर वामनदादांनी न म्हटलेले त्यांच्या नावावर खपवल्यासारखे होते. म्हणून बदल मंचावरून सांगून करावा, आणि वहीत मूळ शब्द तसाच ठेवून शेजारी नवा लिहावा. चाकणच्या कंत्राटी कामगाराचे दुःख जुन्या गिरणी कामगाराच्या गाण्यात घालायचे असेल तर ‘गिरणी’ खोडून ‘कंपनी’ लिहू नये. शाहिराच्या नावाचे कडवे संपल्यावर आपले नवे कडवे जोडावे आणि त्यात आपले नाव घालावे. ठेका कोणाचा, ओव्हरटाइम कोणाचा बुडाला, ब्रेक देऊन पुन्हा नव्याने कसे घेतात, हे तुमच्याइतके नेमके कोण लिहिणार?

कायद्याचीही बाजू आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतात. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले, त्यांचे साहित्य २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, त्यांची गाणी २०६४ अखेरपर्यंत. लेखकाच्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड केल्यास कलम ५७ खालीही दाद मागता येते. तेव्हा बदललेले गाणे यूट्यूबवर टाकण्याआधी कुटुंबीयांना भेटा, त्यांची लेखी परवानगी घ्या. नाटक म्हणून नाट्यगृहात प्रयोग लावायचा असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. तिथेही मूळ आणि बदल दोन्ही दाखवणारी प्रत असलेली बरी.

देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. दरवर्षी त्या दिवशी तिथे लोक जमतात. त्यांत जलसे प्रत्यक्ष पाहिलेली, ऐंशी पार केलेली माणसे अजून भेटतात. तालीम सुरू करण्याआधी वही आणि मोबाइल घेऊन त्यांच्याकडे जा. एकाच गाण्याचे तीन पाठ तीन गावांतून मिळतील. कोणता शब्द शाहिराचा आणि कोणता नंतर कोणी घुसडलेला, हे ठरवायला त्यांचाच उपयोग होईल.