तीन इंजिनिअर, पाच लाख आणि बसचा चार्ट

2005ची दिवाळी. बंगळुरूत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये नोकरीला असलेला फणींद्र सामा सणासाठी घरी जायला निघाला आणि त्याला हैदराबादच्या बसचे तिकीट मिळेना. तो या एजंटाकडून त्या एजंटाकडे फिरला. प्रत्येकाने दोन-चार फोन लावले आणि मान हलवली. दिवाळी बंगळुरूतच गेली. दादरला किंवा स्वारगेटला सणाच्या तोंडावर ट्रॅव्हल्सच्या ऑफिसांसमोर घिरट्या घातलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. सामाच्या डोक्यात मात्र एक शंका राहून गेली : गाड्या खरेच भरल्या होत्या, की कुठे जागा आहे हेच या एजंटांना ठाऊक नव्हते?

शंका रास्त होती. त्या काळी खासगी बसचा चार्ट कागदावर असे आणि तो ऑपरेटरच्या ऑफिसात असे. एजंट फोन करून सीट मागायचा, पलीकडचा माणूस चार्टवर नाव लिहायचा. काही सीटा ठरावीक एजंटांना कोटा म्हणून आधीच वाटलेल्या असत. एजंटाची ओळख चार-पाच बसवाल्यांशी, त्यामुळे त्याच्या यादीपलीकडची गाडी रिकामी निघाली तरी प्रवाशाला पत्ता लागत नसे. परतीचे तिकीट तर जवळजवळ अशक्यच, कारण ते दुसऱ्या शहरातल्या ऑफिसच्या हातात. सुटलेल्या गाडीतली रिकामी सीट पुन्हा विकता येत नाही, म्हणजे बसवाल्याचेही नुकसान होतेच. तो गाडी, ड्रायव्हर, डिझेल आणि परमिट यांच्या धबडग्यात इतका गुंतलेला की त्याला ते दिसत नव्हते.

सामाने ही गोष्ट बिट्स पिलानीतल्या मित्रांपुढे मांडली. सुधाकर पसुपुनुरी आणि चरण पद्मराजू त्याच्यासोबत उतरले. दोघेही मोठ्या कंपन्यांत नोकरीला होते. सामाचे काम चिप डिझाइनचे, वेबसाइट कशी बांधतात याचा अनुभव नाही. पुस्तके आणून शिकावे लागले. भांडवल होते पाच लाख रुपये.

त्यांनी पहिल्यांदा जे बनवले ते कुणालाच नको होते. बसवाल्यांनी चार्ट संगणकावर ठेवावा, म्हणजे सगळ्या एजंटांना एकाच वेळी रिकाम्या सीटा दिसतील, असे ते सॉफ्टवेअर. ते फुकट द्यायचीही तयारी होती. पण ज्याचा धंदा वही-पेन्सिलीवर व्यवस्थित चालला आहे, त्याने तीन पोरांसाठी संगणक का घ्यावा आणि तो चालवायला माणूस का ठेवावा? गाडी सणाला तशीही भरते. नव्या उद्योजकांना बसवाल्यांचे हे उत्तर हटवादीपणाचे वाटते. खरे तर ते हिशेबाला धरून होते : त्रास बसवाल्याचा आणि फायदा प्रवाशाचा, असा तो सौदा होता.

इथे या तिघांनी जे केले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. टाय या संस्थेच्या बंगळुरू शाखेत नवउद्योजकांना मार्गदर्शन मिळे. तिथे निवड झाल्यावर अनुभवी माणसांशी चर्चा सुरू झाली आणि प्रश्न उलटा फिरला. बसवाल्याला सॉफ्टवेअर नको असेल, पण गिऱ्हाईक तर हवेच असते. मग त्याला सॉफ्टवेअर विकायचेच कशाला? मोजक्या सीटा कोट्यावर मागून घ्यायच्या, त्या इंटरनेटवर विकायच्या आणि इतर एजंटांसारखेच कमिशन घ्यायचे. बसवाल्याच्या लेखी हा आणखी एक एजंट. त्याने काहीच बदलायचे नव्हते, म्हणून त्याला नाही म्हणायलाही कारण उरले नाही.

ऑगस्ट 2006मध्ये रेडबस सुरू झाली. 'सुरू झाली' म्हणजे आजच्या अ‍ॅपसारखे काही डोळ्यांपुढे आणू नये. पडद्यावर वेबसाइट होती, पडद्यामागे जुनाच फोन होता. तिकिटे घरपोच पोचवली जात. जाहिरातीला पैसे नव्हते, तेव्हा आयटी कंपन्यांच्या दारात उभे राहून संस्थापकच कार्डे वाटत. पहिले तिकीट घेतले ते तिरुपतीला निघालेल्या, आयटीतच नोकरी करणाऱ्या एका महिलेने. तिला गाडीत जागा मिळते की नाही, हे पाहायला संस्थापक बसथांब्यावर गेले होते.

हा किस्सा गमतीचा म्हणून सांगितला जातो, पण छोट्या टीमचे सगळे बळ त्यात आहे. प्रोग्राम लिहिणारा, बसवाल्याशी बोलणारा आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणारा माणूस एकच असला की चूक कळायला महिना लागत नाही. कार्यालयात विभाग वाढले की तीच तक्रार चार टेबलांवरून फिरते आणि शेवटी आकडा बनून अहवालात बसते.

प्रवाशांना मुक्कामासाठी लोकांची घरे मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीची सुरुवातही याच जातीची. 2008मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तिघांनी सुरू केलेली ही कंपनी 2009च्या सुरुवातीला अडखळत होती. न्यूयॉर्कमधली घरे साइटवर होती, बुकिंग मात्र होत नव्हते. फोटो भिकार आहेत हे लक्षात आल्यावर संस्थापक कॅमेरा घेऊन स्वतः त्या घरांत गेले आणि फोटो काढून आले. हजारो घरांना हा उपाय पुरणार नाही हे उघड होते, पण त्या वेळी हजारो घरे नव्हतीच. जे पुढे झेपणार नाही ते आज हाताने करून पाहणे हे सुरुवातीच्या दिवसांत शहाणपणाचे ठरते. आपल्याकडच्या अनेक स्टार्टअपची गाडी नेमकी उलट दिशेने जाते : आधी लाखभर लोकांचा भार पेलणारी यंत्रणा, मग पहिल्या शंभर गिऱ्हाइकांचा शोध.

अर्थात हाताने चालवलेल्या कामाला मर्यादा असते. दोन ठिकाणी एकच सीट विकली गेली की भांडण बसच्या दारात होते आणि ते प्रवाशाच्या लक्षात राहते. 2007मध्ये सीडफंड या गुंतवणूकदार संस्थेचा पैसा आला, शहरे वाढली, पण कोट्याच्या सीटांवर मोठा धंदा उभा राहत नाही. संपूर्ण चार्ट त्या क्षणी जसा असेल तसा दिसायला हवा होता. म्हणजे फिरून बसवाल्याच्या ऑफिसातल्या संगणकाशीच गाठ होती.

मधल्या काळात एक फरक पडला होता. रेडबसकडून रोज प्रवासी येत होते, पैसे वेळेवर मिळत होते, त्यामुळे बसवाला आता ऐकून घेत होता. ऑपरेटरांसाठी 'बॉस' नावाची प्रणाली आली. चार्ट तिच्यावर चढू लागले. एजंटांना तरी का दुखवा, म्हणून त्यांच्यासाठी 'सीटसेलर' निघाले आणि ज्या एजंटांच्या पोटावर पाय येईल असे वाटत होते, तेच रेडबसच्या यंत्रणेतून तिकिटे विकू लागले. कल्पना 2005चीच होती. तिला बाजारात जागा मिळायला आधी विश्वासाची उधारी फेडावी लागली.

जून 2013मध्ये इबिबो समूहाने रेडबस विकत घेतली. पुढच्या वर्षी सामा कंपनीतून बाहेर पडला आणि 2018मध्ये तेलंगणा सरकारने त्याला राज्याचा मुख्य नवोन्मेष अधिकारी नेमले. इबिबो 2017मध्ये मेकमायट्रिपमध्ये विलीन झाली. रेडबसही तिच्याबरोबर गेली.