यजमानाविना पाहुणचार

चंडीगडच्या दक्षिण भागातील सेक्टर ४३ मध्ये पर्यटक मुद्दाम फिरायला जात नाहीत. तेथे रॉक गार्डन नाही, सुखना तलाव नाही. आहे ते आंतरराज्य बस स्थानक, जेथून हिमाचल, पंजाब आणि जम्मूकडे जाणाऱ्या गाड्या सुटतात. आणि जिल्हा न्यायालयांचे संकुल. परंतु चार दिवसांच्या मुक्कामाची गरज अशाच ठिकाणी निर्माण होते. मनालीची रात्रीची बस चुकलेले कुटुंब, सकाळच्या तारखेसाठी आदल्या दिवशी आलेला पक्षकार, सेक्टर १२ मधील ‘पीजीआय’ रुग्णालयात भरती असलेल्या रुग्णाचे नातेवाईक, या सर्वांना थोड्या रात्रींपुरते स्वच्छ आणि परवडणारे घर हवे असते. दुसरीकडे, याच शहरात कॅनडा, ब्रिटन वा ऑस्ट्रेलियात स्थिरावलेल्यांची घरे आहेत. मालक वर्षाकाठी एखादा महिना येतो; उरलेला काळ दाराला कुलूप असते.

गरजू आहेत आणि घरेही आहेत. तरीही परदेशस्थ मालकाला आपले घर अल्पकालीन पाहुण्यांसाठी उघडायचे झाले, तर कोणत्या परवानगीने उघडावे, याचे सरळ उत्तर मिळत नाही. पैसा कसा आणावा-न्यावा, कर किती भरावा, परदेशी पाहुण्याची वर्दी कोणाला द्यावी, हे सारे नियमांत सापडते. मूळ परवान्याचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. कारण आपल्याकडील निवास-न्याहारीची संपूर्ण कल्पना घरात राहणाऱ्या यजमानाभोवती रचलेली आहे, आणि परदेशस्थ मालक व्याख्येनेच घरात नसतो.

तो वर्षभराचा भाडेकरू ठेवण्याऐवजी दोन रात्रींचा पाहुणा का शोधतो, हे आधी पाहिले पाहिजे. चंडीगडमध्ये घरभाड्याचे व्यवहार दीर्घकाळ १९४९ च्या पूर्व पंजाब नागरी भाडे नियंत्रण कायद्याच्या छायेत चालत आले. एकदा शिरलेला भाडेकरू बाहेर काढण्यासाठी मालकाची हयात खर्ची पडते, ही भीती त्यातूनच रुजली. पंजाबने २००१ मध्ये या कायद्यात कलम १३-ब घालून अनिवासी भारतीयांना झटपट ताबा मिळवण्याचा मार्ग दिला. ९ ऑक्टोबर २००९ रोजी तो चंडीगडलाही लागू झाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. मात्र हा मार्ग अरुंद आहे. मालकी किमान पाच वर्षांची हवी, घराची गरज स्वतःसाठी वा आपल्यावर अवलंबून असलेल्यांसाठी हवी, आणि आयुष्यात एकदाच, एकाच इमारतीसाठी ही सवलत मिळते. शिवाय असा ताबा मिळाल्यानंतर पाच वर्षे ते घर विकता वा भाड्याने देता येत नाही. साहजिकच, शुक्रवारी येऊन रविवारी जाणारा पाहुणा मालकाला निर्धोक वाटतो.

महाराष्ट्रातील वाचकाला ही भीती काहीशी परकी वाटेल. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारांची नोंदणी सक्तीची केली आणि मुदत संपल्यावर घर परत मिळवण्यासाठी वेगळी, तुलनेने जलद व्यवस्था उभी केली. त्यामुळे न्यू जर्सीत राहणारा पुणेकर आपली कोथरूडची सदनिका अकरा महिन्यांच्या कराराने देऊन निश्चिंत राहू शकतो. गृहनिर्माण संस्था त्याच्याकडून बिन-भोगवटा शुल्क घेते, पण २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. भाडेकरू आणि मालक यांच्यातील कायदा विश्वासार्ह असला, की अल्पकालीन पाहुणे शोधण्याची निकड आपोआप कमी होते. चंडीगडमधील प्रश्नाचे एक मूळ येथे आहे.

केंद्रीय कायदे परदेशस्थ मालकाला अडवत नाहीत. परकी चलन व्यवस्थापन कायद्याखाली (फेमा) अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक भारतात घर घेऊ शकतात. बंदी आहे ती शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्यांच्या खरेदीवर. घरभाड्याचे उत्पन्न मिळवणे म्हणजे निषिद्ध ‘स्थावर मालमत्तेचा व्यवसाय’ नव्हे, असे नियमच सांगतात. भाडे अनिवासी सामान्य खात्यात (एनआरओ) जमा करता येते आणि कर भरल्यानंतर परदेशी नेता येते.

करांची व्यवस्थाही अस्तित्वात आहे, मात्र तिचे चटके बसतात. समजा, एखाद्या चालक संस्थेने हे घर वर्षाला सहा लाख रुपये भाड्याने घेतले आणि पुढे ती पाहुण्यांना देऊ लागली. मालक निवासी असता तर उगमस्थानी कपात नाममात्र झाली असती. तो अनिवासी असल्याने पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के, म्हणजे १,८७,२०० रुपये कापावे लागतात. प्रत्यक्षात ३० टक्के प्रमाणित वजावट जाता करपात्र उत्पन्न उरते ४,२०,००० रुपये. अन्य उत्पन्न नसेल तर २०२५-२६ च्या नव्या कररचनेत त्यावरील कर उपकरासह अवघा १,०४० रुपये होतो. उरलेले १,८६,१६० रुपये परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरून वाट पाहायची, किंवा आधीच कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र मिळवायचे. हे ज्याला ठाऊक नाही वा जमत नाही, त्याला रोखीचा मोह पडतो. अवाजवी कपात प्रामाणिक मालकाला अप्रामाणिक व्यवहाराकडे ढकलते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

वस्तू व सेवा कराची बाजू त्या मानाने सोपी आहे. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल आणि आरक्षण एखाद्या ऑनलाइन मंचावरून होत असेल, तर कर भरण्याची जबाबदारी त्या मंचावर येते. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के कर आहे. पाहुणा परदेशी असेल तर २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन वर्दी नोंदणी अधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. भाडेकरूंची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश जिल्हा दंडाधिकारी वेळोवेळी काढतात, ते वेगळेच.

एवढे सारे पाळूनही मालक कायद्याच्या कक्षेत येतो का? येथेच गाडी अडते. चंडीगडमधील प्रत्येक भूखंडाला वापराची अट जोडलेली आहे. १९५२ च्या ‘कॅपिटल ऑफ पंजाब’ कायद्याखाली ती मोडल्यास भूखंड सरकारजमा करण्यापर्यंत प्रशासनाची मजल जाऊ शकते. निवासी घराचे अतिथिगृह करणे हा गैरवापर ठरू शकतो. सवलतीची दारे दोन. पहिले, ‘पेइंग गेस्ट’साठीचे २००६ चे धोरण, त्यात घर किमान साडेसात मरल्यांचे असावे आणि मालक त्याच घरात राहत असावा, अशी अट आहे. दुसरे, केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची निवास-न्याहारी योजना. सहा खोल्या आणि बारा खाटांपर्यंतच्या घरांना ती रौप्य वा सुवर्ण श्रेणी देते. परंतु मालक आपल्या कुटुंबासह तेथेच वास्तव्यास असला पाहिजे, ही तिचीही पायाभूत अट आहे. सरेमध्ये वा साउथहॉलमध्ये राहणारा मालक दोन्ही दारांपाशी थांबतो.

ही अट निव्वळ बाबूगिरी आहे, असे मानणे चूक ठरेल. २२ फेब्रुवारी २०२० रोजी चंडीगडच्याच सेक्टर ३२ मध्ये, नोंदणीविना चालणाऱ्या एका ‘पेइंग गेस्ट’ निवासाला आग लागून तीन तरुणींचा मृत्यू झाला. यजमान घरात राहत असला, की कोणती वायर जुनी झाली आहे, कोणत्या जिन्यात सामान अडकले आहे, हे त्याला दिसते. कारण आग लागली तर तोही त्याच घरात असतो. घरमालकाचे वास्तव्य हा सुरक्षिततेचा सर्वांत स्वस्त विमा आहे. शेजाऱ्यांचाही प्रश्न आहे. एका शांत वसाहतीत दर दोन दिवसांनी नवे चेहरे आणि रात्री-अपरात्री थांबणाऱ्या टॅक्सी आल्या, तर तक्रार कोणाकडे करायची? मालकाचा दूरध्वनी टोरंटोत वाजतो, तेव्हा तेथे कदाचित पहाट झालेली असते.

चंडीगड याबाबत अधिक हळवे आहे, त्यालाही कारण आहे. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ल कॉर्बुझिएच्या नियोजनातील पहिल्या टप्प्यात, म्हणजे सेक्टर १ ते ३० मध्ये, एका घराचे मजल्यानुसार स्वतंत्र सदनिकांत तुकडे पाडण्यास मनाई केली. सेक्टर ४३ दुसऱ्या टप्प्यात येत असल्याने तो निकाल तेथे थेट लागू नाही. परंतु एका कुटुंबासाठी आखलेल्या घरावर किती वर्दळ लादायची, हा त्यामागचा प्रश्न सेक्टरची सीमा पाहत नाही.

म्हणून आजची स्थिती विचित्र आहे. नियम कडक आहेत आणि त्यामुळेच ते कोणाचे संरक्षण करत नाहीत. परवाना मिळण्याची वाटच नसल्याने दूरचा मालक एखाद्या चुलतभावाला कागदोपत्री रहिवासी दाखवू शकतो, पाहुण्याला ‘नातेवाईक’ म्हणवू शकतो, राखणदाराच्या भरवशावर सारे सोडू शकतो. असे घर ना अग्निशमन दलाच्या यादीत असते, ना पर्यटन विभागाच्या. दुर्घटना घडल्यावरच प्रशासनाला त्याचा पत्ता लागतो.

जगाने या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून अंमल सुरू करून ३० दिवसांहून कमी मुक्कामात यजमान घरात हजर असलाच पाहिजे, आणि पाहुणे दोनच हवेत, असे ठरवले. घरटंचाईने गांजलेल्या बार्सिलोनाने पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचे जाहीर केले. जपानचा मार्ग आपल्याला अधिक जवळचा ठरावा. तेथील जून २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने वर्षाला १८० दिवसांची मर्यादा घातली, आणि मालक घरात राहत नसेल तर नोंदणीकृत व्यवस्थापन संस्थेकडे कारभार सोपवणे बंधनकारक केले. यजमान अनुपस्थित असू शकतो, पण जबाबदारी अनुपस्थित असू शकत नाही, हे त्याचे सूत्र.

देशातही पूर्वीचे दाखले आहेत. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याने पर्यटकांना निवास देणाऱ्यांना सरकारी नोंदवहीत आणले. त्या राज्याला परदेशस्थ घरमालक नवे नाहीत. लिस्बन वा लंडनला गेलेल्या कुटुंबांची जुनी घरे तेथील गावोगावी आहेत. निदान घर कोणाचे आणि त्यात कोण उतरते, याची दखल सरकारने घेतली पाहिजे, हे तत्त्व तेथे चार दशके जुने आहे.

चंडीगडमध्ये तर संघराज्याची सबबही सांगता येत नाही. निवास-न्याहारी योजना केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची, आणि केंद्रशासित चंडीगडचा कारभार केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत. दोन्ही मंत्रालये एकाच सरकारची आहेत. ‘मालकाचे वास्तव्य’ या अटीला एक पर्याय जोडला तरी पुरे: घरापासून ठरावीक अंतरात राहणारा, नावानिशी नोंदवलेला, चोवीस तास उपलब्ध आणि कायद्याने उत्तरदायी असलेला स्थानिक व्यवस्थापक. त्यासोबत दिवसांची वार्षिक मर्यादा, अग्निसुरक्षेची दरवर्षी तपासणी, प्रत्येक जाहिरातीवर नोंदणी क्रमांक, आणि तक्रारी सिद्ध झाल्यास नोंदणी रद्द करण्याची तरतूद हवी. अनिवासी मालकांच्या भाड्यावरील कपातही वाजवी पातळीवर आणता येईल. महाराष्ट्रालाही हे उपयोगी पडेल. कोकणात आणि महाबळेश्वर परिसरातही दूरस्थ मालकांची घरे वाढत जाणार आहेत.

तोवर परदेशस्थ मालकाने काय करावे? सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी. वडिलोपार्जित घरात एका भावाचा उत्साह इतरांना बांधील नसतो. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे. पाहुण्यांसाठी परवाना मिळत नसेल, तर नोंदणीकृत कराराने दीर्घ मुदतीचा भाडेकरू ठेवावा. त्यात मिळकत कमी वाटली तरी भूखंड गमावण्याची टांगती तलवार नसते.

आपल्या परंपरेने अतिथीला देव म्हटले. त्या वचनात एक गोष्ट गृहीत होती: दार उघडायला घरात कोणीतरी असेल. लाखो भारतीय कुटुंबे आता एक पाऊल देशात आणि एक परदेशात ठेवून जगत आहेत. त्यांच्या बंद घरांचे दार कोण उघडेल आणि आतल्या पाहुण्याच्या जिवाला कोण जबाबदार असेल, हे कायद्याने नावासकट लिहून ठेवले पाहिजे. सेक्टर ३२ मधील त्या तीन तरुणींच्या मृत्यूनंतर तरी हा प्रश्न संदिग्ध ठेवण्याची मुभा कोणत्याही प्रशासनाला नाही.